साकीनाक्याचं डुगडुगणारं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. माझा जन्म साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात, यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांपासून झाला. सुतार कामात तरबेज होता, पण त्या दिवशी त्याचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे असावं. माझा चौथा पाय बोटभर आखूड राहिला. माझ्यावर कुणी जरा हललं की मी 'खट्' करतो. जिथे गेलो तिथे या खोडीपायी बोलणी खाल्ली.

शेवटी १९८४ साली जोगेश्वरीच्या एका वाचनालयात आलो. तिथे दर शनिवारी दुपारी वसुधाबाई मुलांना लोककथा सांगायला आणि स्वतःच्या गोष्टी रचायला शिकवत. सांगणाऱ्याने माझ्यावर बसायचं, ऐकणाऱ्यांनी सतरंजीवर. "घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून एकेक गोष्ट मागून आणा," असं बाई सांगत आणि मुलं खरोखर आणत. कुणी कोकणातली, कुणी बीडकडची. मला तर दर आठवड्याला मेजवानीच!

बाई जीव ओतून शिकवत, पण शिस्त कडक. गोष्ट सुरू झाली की ऐकणाऱ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट.

सातवीतल्या मालनने आपल्या जानकीआजीकडून रुसलेल्या पाण्याची गोष्ट आणली होती. गावाशी भांडून पाणी विहीर सोडून जातं आणि एक मुलगी त्याला शोधायला निघते. मालन सुरुवात झकास करायची. पण समोरची पंचवीस गप्प तोंडं पाहिली की तिचा आवाज बसायचा. गोष्टीतली मुलगी डोंगरावरच अडकायची, मी खट् खट् वाजायचो आणि मालन रडवेली होऊन खाली उतरायची. असं चार वेळा झालं. आणि पोरीला तर घाई होती. आजी मे महिन्यात कायमची गावी जाणार होती. त्याआधी तिची गोष्ट तिलाच पुरी सांगून दाखवायची, एवढीच मालनची इच्छा होती.

एप्रिलात, वर्गाच्या शेवटच्या शनिवारी घरची माणसं ऐकायला आली. जानकीआजी सतरंजीवर अगदी पुढे बसली. मालन माझ्यावर चढून बसली. गोष्ट डोंगरापर्यंत आली आणि अडली. खोलीत चिडीचूप. मी आपला खट्.

"हूं," आजी म्हणाली. "मगे?"

"आजी, मध्ये बोलू नका हं," बाई हळूच म्हणाल्या. "तिचं लक्ष जाईल."

"बाई, तोंडार बोट ठेवल्यार गोष्ट फुडे कशी जातली? आमच्याकडे समोरच्यान हुंकार दिल्याशिवाय कोण गोष्ट सांगणा नाय. ह्यां स्टूल बरां, ह्यां तरी हूं म्हणता!"

सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मुलांना म्हणाल्या, "चुकलं रे माझंच. बोटं काढा. म्हणा, हूं!"

पंचवीस तोंडांतून 'हूं' आलं आणि मालनची मान वर झाली. मुलगी डोंगर उतरली, दोन नद्यांची कोरडी पात्रं ओलांडून पुढे गेली. दर वाक्याला हूं. मग मालनने आजीच्या गोष्टीत नव्हतं तेच घातलं. पाणी चालत चालत जोगेश्वरीला आलं आणि हंडा घेऊन चाळीच्या नळावर बायकांच्या मागे रांगेत उभं राहिलं! मुलीने ओळखून त्याचा हात धरला, तर पाणी म्हणालं, "थांब गं, माझा नंबर येऊ दे ना. मग जाऊ घरी."

आजी डोळ्यांना पदर लावून हसत होती. "ह्यां माझ्या गोष्टीत नव्हतां गो," ती म्हणाली. "पण आता गावाक मी अशीच सांगतलंय."

मला इतका आनंद झाला, की मालन उठताना मी मुद्दाम दोनदा वाजलो.

सगळे गेल्यावर बाईंनी वर्गाच्या प्रगतीची वही उघडली आणि माझ्यावर बसूनच लिहिलं, 'मुलं गोष्ट सांगायला शिकली. मी ऐकायला शिकले.' आपली चूक शाईने लिहून ठेवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. सोमवारी शिपाई धोंडिराम माझे पाय सारखे करायला करवत घेऊन आला, तर बाईंनी त्याला परत पाठवलं.

आता माझा रंग उडालाय, एक खिळाही सैल झालाय. मित्रांनो, तेवढा ठोकून घ्या, पण पाय कापू नका. आणि तुमच्यासमोर कुणी गोष्ट सांगता सांगता अडलं, तर नुसते बघत बसू नका. थोडं पुढे सरका आणि म्हणा, "हूं. मग?"