बन्सी ड्रायव्हरचं धुकं

मी बन्सी. कंपनीची बस चालवतो, केळवे-माहीम ते बोईसर. दोन वर्षं झाली, डोळ्यांपुढे दुधाळ पडदा हाय. बोललो नाय कोणाला. बोललो असतो तर स्टिअरिंग गेलं असतं, आन् त्याच्याशिवाय मला येतं काय, कपाळ?

डोळे जमुनाचे होते. ती पॅकिंगला जाते, पहिल्या सीटवर बसते. तिला वाटायचं, आपण नुसत्या गप्पा मारतोय. उजवीकडे म्हैस बसलीय बोलली की मी बस डावीकडून काढायचो.

जानेवारीत एका सकाळी असं धुकं पडलं की जमुनाचीही बडबड बंद झाली. काय दिसत नाय, बस बाजूला घ्या, बोलली. मी बोललो, रोजच्यासारखंच तर हाय. खोटं नव्हतं ते.

निघालो आपला नाकावर. सुक्या बोंबलांचा वास सरला म्हणजे माहीम सुटलं, वडे तळल्याचा आला म्हणजे पालघर, आन् कारखान्यांचा धूर नाकाला झोंबायला लागला म्हणजे बोईसर. मधले गतिरोधक तोंडपाठ. डोळेवाले सगळे शहाणे रस्त्याकडेला हातपाय गाळून उभे होते. माझी बस गेली तसे एकेक जण मागच्या लाल दिव्याला धरून निघाले. अकरा गाड्या. त्यात आमच्या सुरक्षा खात्याच्या प्रफुल्लसाहेबांची मोटार. त्यांनीच त्या दिवशी ड्रायव्हरांची डोळेतपासणी ठेवली होती, आन् मी रातभर झोपलो नव्हतो.

गेटवर उतरून साहेबांनी मला मिठीच मारली. असल्या धुक्यात ज्याला एवढं दिसतं त्याचे डोळे काय तपासायचे, बोलले. माझी तपासणी माफ. शिवाय दहा वाजता सगळ्यांना आवारात गोळा करून सुरक्षित चालकाचं प्रमाणपत्र दिलं. देवाशपथ, लय बरं वाटलं. मग साहेब बोलले, बन्सीभाऊ, जरा मोठ्यांदा वाचून दाखवा.

कागद नाकाला लावला. सगळं पांढरं.

"धुकं सरलं की वाचतो, साहेब."

कोणी हसलं नाय. टाळ्याही थांबल्या. तेव्हा कुठे मानेवर चटका जाणवला मला. ऊन चांगलंच वर आलं होतं.

बांगड्या वाजल्या. जमुना जवळ येऊन उभी राहिली.

"म्हणजे भाऊ, दोन वर्षं बस मी चालवत होते?"

मी खिशातून चावी काढली आन् तिचा हात चाचपडायला लागलो.