डोळ्यांपुरता परका

दिगंबर चितारी यांनी आयुष्यभर मेलेल्यांचे चेहरे रंगवले. खांडव्यापासून नागपूरपर्यंतच्या दिवाणखान्यांत त्यांच्या तसबिरी आहेत. त्यांचा स्वतःचा मात्र एक फोटोही नाही. त्यांचे चरित्र मी लिहीत होतो, आणि पहिल्या पानावर चेहरा नसेल तर ग्रंथ छापणार नाही, असे नागपूरच्या सरकारी प्रकाशन मंडळाने कळवले होते. छप्पन्न सालचा ऑक्टोबर संपत आला होता. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाणार होते आणि बुऱ्हाणपूर भोपाळच्या हाताखाली. मंडळ त्याआधीच मोडायचे होते. पाच वर्षांचे काम एका चेहऱ्यासाठी अडले होते.

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दिगंबररावांची विधवा बहीण मथुराबाई राहत असे. दुपारच्या उन्हात शेजारचे यंत्रमाग धडधडत होते आणि त्या आवाजाने कोनाड्यातली रंगांची भांडी किंचित थरथरत होती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक कॅनव्हास वळवला.

कपाळ, नाक, हनुवटी, सारे होते. डोळ्यांच्या जागी कोऱ्या कापडाचे दोन तुकडे.

"मरायच्या आधी त्यानं सोताले काढलं," त्या म्हणाल्या. "आरसा नाही घेतला. जसं लोकांचं करायचा तसंच. कपाळ माह्यं, नाक कौतिकचं, आमच्या धाकल्याचं. मेलेल्याचा चेहरा जित्या नातेवाइकांतून गोळा करायचा, ही त्याची रीत."

"आणि डोळे?"

"डोळे परक्याचे. ज्यानं त्या माणसाले कधी पाह्यलंच नाही, त्याचे. पाह्यलेल्याचे डोळे चित्रात आपलं माणूस शोधत बसतात, बाबू. त्याले जाऊन सहा वर्षं झाली. या गावात त्याले न पाह्यलेलं कोण सापडणार? तू पाह्यलं का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

ते खोटे होते. मी सहा वर्षांचा असताना माझे वडील गेले आणि दिगंबर चितारी आमच्या खांडव्याच्या घरी आले. पाटावर बसलेल्या माझ्यासमोर ते उकिडवे बसले. "तुझे बाबा तुझ्याकडे कसे पाहायचे रे?" त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. त्यांचा चेहरा आज मला आठवत नाही. प्रश्न तेवढा आठवतो. शेवटी नव्याने बदलून आलेल्या पोस्टमनला बसवून त्यांनी डोळे काढले. त्या तसबिरीतून वडिलांनी माझ्याकडे कधीच पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावरून डोळे काढायला दिगंबररावांचे शिष्य गिरधर रंग-कुंचले घेऊन आले. पन्नाशीचा, बोलका माणूस.

"त्या खिळ्याकडे सरळ पाहा साहेब. मिचकावू नका. शाहपूरच्या एका माणसानं मिचकावले होते, तर तिथल्या पाटलाची तसबीर अजून सुनांना डोळा मारते."

"गिरधर, हात चालव, तोंड नको," मथुराबाई म्हणाल्या; पण त्याही हसल्या.

तासाभराने गिरधर बोलायचे थांबले. मग त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला, काढलेले पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत तीनदा पुसले.

"मी सरळ काढतोय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आई शप्पथ, सरळच काढतोय."

मी उठून पाहिले. चित्रातले डोळे समोर पाहत नव्हते. ते खाली पाहत होते, जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे पाटावर बसलेल्या मुलाचे तोंड येईल तिथे. त्यांत थोडे हसू होते, आणि त्या हसण्याला एका ठरावीक माणसाची ओळख होती. तुझे डोळे बापावर गेलेत, असे माझी आई म्हणत असे. मी ते कधी पडताळू शकलो नव्हतो. पडताळायला घरात पोस्टमनचे डोळे होते.

माग अचानक थांबले. वीज गेली असावी. त्या शांततेत मथुराबाई चित्राजवळ आल्या. त्यांनी कपाळावरून, स्वतःच्याच कपाळावरून, बोट फिरवले आणि हात मागे घेतला.

"हा माहा भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "हा कोणाचा तरी बाप आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पाह्यलं होतं तू त्याले."

"एकदाच. लहान होतो."

"एकदा पुरतं." त्यांनी कॅनव्हास माझ्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माह्याकडे बिनडोळ्याचा का होईना, भाऊ होता. ने आता. ग्रंथात छाप."

एकतीस तारखेला मी नागपुरात होतो. मंडळाची कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी होती. कापडात गुंडाळलेले चित्र घेऊन मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि शिपायाने कुलूप लावलेले पाहिले. परक्याच्या नावाखाली वडिलांची ती नजर मला छापता येईना. ग्रंथ हस्तलिखितातच राहिला.

चित्र माझ्या खोलीत आहे. कुठेही टेकवले, कितीही उंच टांगले, तरी नजर जमिनीपासून हातभर उंचीवरच पडते. कधी कधी मी तिथे जाऊन बसतो. ती माझ्या छातीशी येऊन थांबते. वर येत नाही.