काट्याचं शून्य

नवरा पाणबुड्या होता, पुलाच्या खांबांची पाण्याखाली डागडुजी करायचा. त्या दुपारी तो घाईने वर आला आणि त्याचे सांधे ठणकू लागले. अशा वेळी माणसाला पोलादी चेंबरमध्ये बसवून आतला दाब वाढवतात आणि मास्कने ऑक्सिजन देतात. चेंबर चालवणं बायकोचं काम. पण ती यायच्या आतच धाकट्या दिराने परस्पर सुरू केलं.

ती पोचली तेव्हा काचेपलीकडे नवऱ्याचं अंग आचके देत होतं. सोबत बसलेल्या जोडीदाराने त्याला कसंबसं धरून ठेवलं होतं. तिने दाबाचा काटा दोन पॉइंट आठवर पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आधी मास्क काढ त्याचा," ती माइकवर आतल्या जोडीदाराला म्हणाली.

दिराचा हात हवा सोडायच्या चावीकडे गेला. तिने तो हिसडून मागे ओढला. "आत्ता दाब उतरवलात तर कोंडलेल्या श्वासाने फुप्फुसं फाटतील. आचके थांबू देत."

थांबले. नवऱ्याने श्वास घेतला. मग तिने काटा हळूहळू एक पॉइंट आठवर आणला.

"तक्त्यात दोन पॉइंट आठच लिहिलंय, वहिनी."

"तो एकूण दाब. त्यात बाहेरच्या हवेचा एक धरलेला असतो. आपला काटा उघड्या हवेत शून्य दाखवतो, म्हणून एक वजा करून लावायचं. किती वेळा सांगितलं?"

"एकाचाच तर फरक."

"तेवढ्या जादा दाबाखाली ऑक्सिजनच विषासारखा भिनतो. त्या एकापायी तुझा भाऊ मरत होता." आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "येत नव्हतं तर विचारायचं. फोन काय शोभेला बाळगतोस?"

संध्याकाळी नवरा बाहेर आला. जीभ चावली गेल्यामुळे बोबडं बोलत होता. "जाऊ दे गं. पाठचा भाऊ आहे. माझ्या भल्यासाठीच धडपडला."

"घे, तू त्याची पाठच थोपट."

चुकलो, एवढा एक शब्द दिराच्या तोंडून निघाला नव्हता. आता तो हळूच म्हणाला, "वहिनी, आईला तेवढं सांगू नका."

तिने चेंबरची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली आणि तिथेच सासूला फोन लावला. "आई, तुमच्या धाकट्याला काही सांगायचंय," म्हणाली आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

"आई, तसं काही झालेलं नाही," त्याने सुरुवात केली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली, आणि त्याचं सांगून होईपर्यंत समोरून हलली नाही.