गाऱ्हाण्यात अडलेला शब्द

देवळात गाऱ्हाणं घालायचं ते बाबलीनेच. त्याने देवाला सांगायचं आणि मागे उभ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची, असा त्याच्या घराण्याचा मान.

आखाताच्या तोंडाशी लढाई पेटली, तेला-गॅसची जहाजं जिथल्या तिथे थांबली आणि पंधरवड्यात गॅस एजन्सीपुढे रांग लागली. बाबलीने त्याआधीच हात मारून घेतला होता. एक सिलेंडर स्वतःच्या नावावरचा, एक मेलेल्या भावाच्या. दोन्ही भरलेले, घरामागच्या मांगरात, म्हशीसाठी रचलेल्या गवताखाली दडवलेले. स्वैपाकघरात तिसरा चालू होताच.

चार दिवसांनी शेजारची काशीबाई कुंपणाशी आली. महिन्यापूर्वीच तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाबल्या, एखादो सिलेंडर आसा काय रे? माझो नंबर लागलो की परत देतंय."

"माझ्याकडे खंय गो? आमचोच आज-उद्या संपात."

ती गेली. थोड्या वेळाने तिच्या कौलांतून चुलीचा धूर वर यायला लागला. बाबलीची बायको विमला म्हणाली, "तुमी गवताची बरी राखण करतास. म्हशीक तरी ठेवा थोडा."

बाबली खाली मान घालून पेज ओरपत राहिला.

सोमवारी गाव देवळात जमला, तेव्हा काशीबाई नारळ घेऊन आली. तिचा मुलगा देवेश गॅसच्याच जहाजावर खलाशी. ते जहाज तीन आठवडे आखातात नांगर टाकून होतं. तिचे डोळे लाल झाले होते, पदराने सारखे टिपत होती.

"देवेशाचो फोन इलो?" बाबलीने सहज विचारलं.

"काल इलो. उलटो माकाच इचारता, आये, थंय गॅस मिळता मा? धुरात बसा नको. मी म्हटलंय, मिळता रे. बाबलीकाका आसा मा शेजारी."

बाबलीने नारळ देवापुढे ठेवला आणि तिच्याकडे पाठ केली.

"बा देवा रवळनाथा, काशीबायचो झील परमुलखातल्या दर्यात अडाकलो हा, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्याची वाट मोकळी कर, सुखरूप घराक हाड, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." काशीबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

आता शेवटचं, नेहमीचं: आमच्याकडसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. इतकी वर्षं म्हटलेलं वाक्य, पण आज पहिल्याच शब्दावर अडलं. 'आमच्याकडसून' कसं म्हणायचं? गावाने तर काही केलं नव्हतं. समोर देवाकडे बघवेना आणि मागे वळवेना.

"माझ्या मांगरात," तो त्याच सुरात म्हणाला, "गवताखाली दोन सिलेंडर लपवलेले आसत, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव सवयीने म्हणून गेला.

मग एकेकाच्या ध्यानात आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"नारळ फोड आदी," काशीबाई म्हणाली. "तो माझ्या झिलाचो आसा."

त्याने फोडला. निम्मं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. एक कवड त्याने तिच्यापुढे धरली. तिने ती पदरात घेतली, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"एक सिलेंडर कोणाकडसून तरी धाड," ती म्हणाली. "तू येव नको."