गुणाबाईंचं एकच वाक्य

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या इंग्रजी क्लासात रोडपालीच्या गुणाबाईंनी 'माझं गाव' हा निबंध लिहिला, तेव्हा अख्ख्या निबंधात एकच वाक्य होतं. तेही इतकं लांब, की अरुंधती मॅडम वाचायला बसल्या तेव्हा खिडकीत कबुतरानं अंडी घातली होती, आणि त्या अर्ध्यावर पोचेतो पिल्लं उडूनही गेली. खोटं वाटत असेल तर कबुतराला विचारा.

निबंध पास झाला तर गुणाबाई वरच्या वर्गात जाणार होत्या. तिथं त्यांच्या गावातलीच विहीण, शशिकला, आधीच जाऊन बसली होती. येता-जाता ती इतक्या गोड आवाजात चौकशी करायची, की गुणाबाईंना जेवण जात नसे.

"मी छोटी वाक्यं शिकवली होती," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हू, व्हिच, व्हेअर करत काशिरामच्या ओट्यावरून गोदूच्या परसात, तिथून आणखी कुठं निघालात?"

"आमंत्रणाला."

"कसल्या?"

"हळदीचं आमंत्रण गावात फिरतं ना, तसंच लिवलंय. घरामागून घर. मदीच टिंब टाकलं तं पुढचं घर म्हननार, आमाला दुसऱ्या पंगतीला बसवलं. एकदा काशिरामाचं घर चुकून ऱ्हायलं, तं त्याची म्हैससुदा आमच्या दारावरून तोंड फिरवून जायची."

छोटी वाक्यंही त्यांनी करून पाहिली होती. हा काशिराम आहे. हे त्याचं घर आहे. वाचल्यावर वाटलं, गावात पोलीस आलेत आणि माणसं एकमेकांना ओळखच देत नाहीत.

मॅडमनी लाल पेन पुढं केलं. "एकच टिंब द्या, एकच फुलस्टॉप. कुठंही. लगेच पास करते."

गुणाबाईंनी पेन घेतलं. कागदावरच्या गावभर नजर फिरवली आणि ती नेमकी शशिकलेच्या उंबऱ्याशी थांबली. इथं टिंब टाकलं, की आपण वरच्या वर्गात आणि विहीण दुसऱ्या पंगतीला. पेनाचं टोक कागदाला टेकायचंच बाकी होतं. मोह झाला होता, खोटं कशाला बोला.

मग त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं.

"नाय जमायचं. बाई आगाव हाय, पन घर गावातलंच हाय."

"मग मला नापास करावं लागेल."

"करा की. मी कुटं नको म्हनते?"

मॅडमनी नापासचा शेरा लिहिला, पण टिंब त्यांनाही कुठल्याच दारात टाकवेना.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई खालच्याच वर्गात, पहिल्या बाकावर ऐसपैस बसल्या. गावाशेजारी नवा टॉवर उठला होता, त्यातली बिऱ्हाडं अजून आमंत्रणावाचून राहिली होती. त्यांनी तोच कागद काढला, 'अँड' लिहिलं आणि लिफ्टनं वर निघाल्या.