नापासबाईंचा अडॅप्टर

दुकानात तिला सगळे नापासबाई म्हणत, अगदी तोंडावर. कॉम्प्युटरला लागणारं सटरफटर सामान ते दुकान स्वतःच्या नावाने विकायचं: माऊस, कीबोर्ड, केबली, लॅपटॉपला खोचून वायफाय पकडायचे अडॅप्टर. बनवायचं भलतंच कुणी, वर नाव दुकानाचं. पण नाव छापण्याआधी वस्तू तिच्या टेबलावर यायची आणि बहुतेकदा तोंड पाडून परत जायची. माऊसचं बटण ती डोळे मिटून दाबायची. कीबोर्डची लांब पट्टी कडेला दाबून बघायची, कारण मधोमध दाबलं की सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात. माल आणणारा माणूस अडॅप्टरची बाजू घेत "भिंत जाड असेल हो बाई" म्हणाला, की तिचं उत्तर ठरलेलं. "गिऱ्हाईक काय तंबूत राहतं?"

अशा या खमक्या बाईने एक लबाड अडॅप्टर ओळखला आणि तरी कुणाला सांगितलं नाही.

नखाएवढा जीव होता त्याचा. दुकानातल्या गारेगार खोलीत तो गुणी बाळासारखा वागला. पण निकाल देण्याआधी वस्तू घरी नेऊन वापरायची, हा तिचा शिरस्ता. घरी ती लॅपटॉप उशीवर ठेवून पलंगावर बसायची आणि दूरदेशी नोकरीला असलेल्या लेकीशी गप्पा मारायची. गप्पा रंगत तसा अडॅप्टर तापत जायचा. मग लेक जरा पुढे वाकून म्हणायची, "बरं आई, ऐक ना..." आणि नेमकं तिथेच चित्र अडकायचं.

त्या "ऐक ना"च्या पुढे काय आहे, हे आपल्याला ठाऊक आहे अशी नापासबाईची खात्री होती. लेकीच्या नोकरीची मुदत संपत आली होती. राहणार की परतणार, हे तिला तिथल्या ऑफिसात कळवायचं होतं. राहणारच. तिथे तिचं बस्तान बसलेलं. ते एक वाक्य ऐकायचं आईच्या जिवावर आलं होतं.

आणि अडकलेली लेक किती गोड दिसायची! ओठ किंचित उघडे, केसांची एक बट गालावर, मागे खिडकीत तिकडची दुपार. इकडे संध्याकाळ खोलीभर पसरत जायची, कपाटाच्या कडा पुसट व्हायच्या, आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या निळसर उजेडात दोघींची एक तिसरीच वेळ सुरू व्हायची. तिथे ना संध्याकाळ, ना दुपार. नीट बघितलं तर लेकीचा गाल बारीक बारीक चौकोनांचा झालेला असायचा. एकेका चौकोनावर ती बोट टेकवायची. हा लहानपणी पडली होतीस तो. हा तापात लाल व्हायचा तो. "जेवलीस का गं?" ती विचारायची, आणि लेक काहीच बोलायची नाही, म्हणजे घाईत नसायची. "ठेवते आता" म्हणायची नाही. शेजारी ठेवलेला फोन वाजायला लागला की नापासबाई तो हळूच उशीखाली सरकवायची. उशी थरथरायची, मग शांत व्हायची. बाहेरचे आवाजही पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. त्या तंद्रीतच तिचा डोळा लागायचा.

"काल काय झालं?" दुसऱ्या दिवशी लेक विचारायची.

"अगं, भिंती जाड आहेत ना आपल्या," नापासबाई म्हणायची. स्वतःच्याच तोंडून हे ऐकून तिचे कान गरम व्हायचे. तरी संध्याकाळी तोच अडॅप्टर लावायची.

एके दिवशी दुकानाचे साहेब तिच्या टेबलाशी आले. "त्या अडॅप्टरचं काय ठरलं? नाव छापायला घेऊ ना?"

'घ्या' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. माल पास झाला, तर घरी नेलेला नग परत मागायला कुणी येणार नव्हतं. समोर नमुन्यांचं खोकं उघडं होतं. आपापल्या खाचेत ओळीने झोपलेले काळे जीव. ती बघत राहिली. हे एवढ्या घरांत जाणार, आणि एवढ्या घरांत कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तुटणार. आपल्याला ते हवंसं वाटतं. दुसऱ्या कुणाला का वाटावं?

"नापास," ती म्हणाली. "तापतो, आणि ऐन वेळी दगा देतो."

नापास केलेली वस्तू घरी वापरणं तिच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने ड्रॉवरमधला जुना, ओबडधोबड अडॅप्टर काढून लावला आणि मन घट्ट करून पलंगावर बसली.

"आई, किती स्वच्छ दिसतेयस!" लेक म्हणाली. मग ऑफिसमधल्या कटकटी झाल्या, शेजारणीची मांजर झाली, स्वयंपाक झाला. "ऐक ना" काही येईना. शेवटी आईच म्हणाली, "तू रोज काहीतरी सांगणार होतीस ना गं?"

"सांगणार नव्हते. विचारणार होते."

"काय?"

"परत येऊ का, म्हणून."

नापासबाईने उशीवरचा लॅपटॉप जवळ ओढला.

"मी विचारायला गेले की तू जायचीस," लेक म्हणाली. "फोन लावला तर उचलायची नाहीस. मला वाटलं, तुला कळलंय मी काय विचारणार ते. एकटीची घडी बसलीय तुझी, नाही म्हणायला जड जातंय."

"अगं, लिहून विचारायचंस!"

"लिहून काय, तू 'ये'च म्हणाली असतीस. आई आहेस. मला तुझा चेहरा बघायचा होता." लेकीने खिडकीकडे पाहिलं. "काल ऑफिसच्या कागदावर सही करून टाकली मी. आता काही वर्षं इथेच."

खोलीत अंधार झाला होता. दिवा लावायला ती उठली नाही.

"काय म्हणाली असतीस गं?" लेकीने विचारलं.

"ये म्हणाले असते. लगेच ये म्हणाले असते." तिने लेकीच्या गालावर बोट टेकवलं. "चुकलं माझं, बाळा."

लेक काहीच बोलली नाही. हललीही नाही. ओठ किंचित उघडे, बट गालावर. चित्र अडकलं असं वाटून तिने घाईघाईने अडॅप्टर चाचपला. तो गार होता. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तेव्हा लेकीच्या पापण्या हलत होत्या.