शंभरातले ब्याण्णव

आकडा जितका गुळगुळीत, तितका मला त्याचा संशय जास्त. टायरच्या दुकानात काउंटरवर माझा जन्म गेलाय. "आमचा टायर कधी फुटतच नाही" म्हणणारे विक्रेते मी रोज बघते. आमच्या पोरीला, कोरीनला घेऊन आम्ही ॲशबर्न कॉलेज बघायला गेलो, तेव्हा स्टेजवरचा माणूस म्हणाला, "आमच्याकडून मेडिकलला अर्ज करणाऱ्या शंभरातल्या ब्याण्णव मुलांना प्रवेश मिळतो." सगळे आईबाप टाळ्या वाजवायला लागले. मी हात वर केला. "पण अर्ज करतात किती जण?" तो गोड हसला, म्हणाला, छान प्रश्न आहे. उत्तर मात्र दिलं नाही.

गाडीत लेन, म्हणजे माझा नवरा, वैतागला. "बर्नी, तू चर्चमध्येसुद्धा पाद्र्याकडे पुरावा मागशील!" त्याला त्या जुन्या विटांच्या इमारतींची भुरळ पडली होती. कोरीनचं एकच होतं, डॉक्टर व्हायचं. आमच्याकडे त्यासाठी आधी चार वर्षं साधं कॉलेज करायचं, मग मेडिकलला अर्ज. सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एका वर्गात चारशे पोरं, तिथे आपल्याला कोण ओळखणार, म्हणून तिने ॲशबर्न धरलं. माझ्या मनात पाल चुकचुकत होती, पण पोरीचा चेहरा बघून मी तोंड मिटलं.

तिसऱ्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासांतल्या एका शुक्रवारी ती अचानक घरी आली. आम्ही चर्चच्या तळघरात माशाच्या जेवणाला बसलो होतो. सगळं गाव तिथेच. तिने ताटाला हात लावला नाही.

"आई, समितीने मला थांबायला सांगितलंय."

आता ही समिती म्हणजे काय, तर ॲशबर्नमध्ये प्राध्यापक सुटी सुटी शिफारस करत नाहीत. त्यांची समिती मुलाला बोलावते, पारखते आणि सगळ्यांच्या वतीने एकच पत्र देते. ते पत्र नसलं की मेडिकलवाले विचारतात, तुझ्याच कॉलेजने तुला का नाही दिलं?

"थांबायचं म्हणजे किती?"

"एक वर्ष. मग बघू म्हणाले. नाहीतर आरोग्य व्यवस्थापनाला जा म्हणाले. तिथे मी शोभेन म्हणे."

"का पण? तुझी प्रवेश परीक्षा तर झकास झाली!"

"दुसऱ्या वर्षी आजारी होते ना, तेव्हा रसायनशास्त्रात सी पडला. तेवढंच." ती बटाट्याशी चाळा करत होती. "मेगनला पोषणशास्त्र सुचवलंय. थिओला सांगितलं, तुझा पिंडच मास्तरचा आहे. आई, पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणणारे आम्ही एवढे होतो की बसायला जागा नव्हती. आता एका टेबलाभोवती मावतो."

अस्सं! इथे पाणी मुरत होतं तर! ज्याच्याबद्दल थोडीशी शंका, त्याला अर्जाआधीच गोड बोलून वाटेला लावायचं, आणि उरलेल्यांवर टक्के काढायचे. अशाने मीही शंभरातले शंभर काढून दाखवीन.

"तू उगाच काहीतरी," लेन म्हणाला. "ती शिकलेली माणसं आहेत."

"म्हणूनच म्हणतेय!" मी इतक्या जोरात बोलले की शेजारच्या टेबलावरची सगळी वळून बघायला लागली.

सोमवारी मी कोरीनबरोबर डॉक्टर व्हिटकमच्या खोलीत हजर. समितीचे प्रमुख तेच. सज्ञान मुलीबद्दल आईशी बोलायचं तर तिची सही लागते, म्हणाले. कोरीनने सही केली. माणूस बोलायला लोण्यासारखा. तिचं हित, तिचा ताण, तिचं मन. ताकास तूर लागू देईना. माझा विश्वास बसत नव्हता आणि तरी मान हलत होती, याचाच मला राग आला.

"हिच्यासारख्या मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो का हो कधी?" मी मध्येच विचारलं.

"मिळतो, कधीकधी," ते म्हणाले. "पण निराश व्हायची वेळही येते. ती आम्हाला टाळायचीय."

"कुणाची निराशा? तिची की तुमची?"

"आई, थांब." कोरीन पुढे सरकली. "सर, मी पत्राशिवाय अर्ज केला तर?"

"करू शकतेस. मी सल्ला देणार नाही."

"मग मला तुमच्या शंभरात धरणार का?"

ते पहिल्यांदाच अडखळले. "समितीने पाठवलेल्यांचीच आम्ही गणती करतो."

बाहेर आल्यावर पोरगी जिन्यात बसून ढसाढसा रडली. मला त्या इमारतीची एकेक वीट उपटावीशी वाटली.

तिने अर्ज केला. पहिलं पत्र दिलं ते ज्यांनी सी दिला होता त्याच बाईंनी, समितीला न विचारता. बहुतेक ठिकाणांहून नकार आले, एका ठिकाणी मुलाखतीत पत्राबद्दल खोदून खोदून विचारलं. लेन टपालपेटीकडे जायलाही घाबरायला लागला. आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका सरकारी मेडिकल कॉलेजने तिला घेतलं. एकाच, पण घेतलं. लेन अंगणात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

आठवड्याच्या आत फोन आला. कोरीनने तो स्पीकरवर टाकला. डॉक्टर व्हिटकम. अभिनंदन, अभिमान, सगळं झालं. मग म्हणाले, "तुझी हरकत नसेल तर यंदाच्या आकड्यात तुलाही घेतो."

मी फोन ओढायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला.

"घ्या ना, सर. पण माझ्याआधी मेगनला घ्या. थिओलाही घ्या."

"कोरीन, त्यांनी तर अर्जच केला नाही."

"हो," ती म्हणाली. "आमच्यातल्या अशा सगळ्यांना मोजा, आणि मग किती टक्के होतात ते मला कळवा."

अजून कळवलेलं नाही.